शिकेकाईचा शाम्पू: बाटलीत की बरणीत?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मानवतच्या गटानं शिकेकाई-रिठ्याचा शाम्पू उकळून बाटल्यांत भरला. आठवडा झाला नाही तोच झाकणं फुगली, आंबूस वास सुटला. सगळा माल ओतून द्यावा लागला. जीव हळहळला.

कारण साधं आहे. शिकेकाई-रिठ्याला फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिनमुळं. पण त्यांचा काढा म्हणजे जंतूंना आयतं जेवण. लिंबू पिळलं, कडुलिंब टाकला. आम्ही दोन्ही करून पाहिलं, टिकला नाही.

म्हणून आता कोरडी पूडच करतो. शिकेकाई दोन वाट्या, बिया काढलेला रिठा एक वाटी, आवळकाठी एक वाटी, मेथी दोन चमचे. कडक उन्हात इतकं वाळवायचं की शेंग हातानं काडकन मोडली पाहिजे. दळताना नाकातोंडाला पदर बांधा, ठसका फार लागतो. पूड वस्त्रगाळ करून कोरड्या बरणीत भरा. ओला चमचा घातला की संपलं!

न्हायच्या आदल्या रात्री तीन चमचे पूड तांब्याभर पाण्यात भिजवा, सकाळी उकळून गाळा, कोमट झालं की वापरा. उरलेलं दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. लेकरांचे डोळे जपा, फार झोंबतं.

पुड्या विकायच्या असतील तर आधी अन्न व औषध प्रशासनाकडं चौकशी करा. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला २०२० च्या नियमांप्रमाणं परवाना लागतो. आम्ही सध्या घरच्यापुरतीच करतो.