गाण्यातले 40 हजार

‘ब्लू ऑयस्टर कल्ट’ या अमेरिकी बँडचं ‘डोन्ट फिअर द रीपर’ हे गाणं 1976 साली आलं आणि ‘बिलबोर्ड’च्या यादीत 12 व्या क्रमांकापर्यंत चढलं. यातला रीपर म्हणजे युरोपीय चित्रांतला, हातात लांब दांड्याचं कोयतं घेऊन माणसांची कापणी करणारा मृत्यू. गाण्यात रोमिओ-ज्युलिएटचं नाव येतं, रोज 40 हजार माणसं त्यांच्याच वाटेनं जातात असा हिशेबही येतो. श्रोत्यांनी दोन्ही जोडून अर्थ लावला, की हे जोडीनं जीव देण्याचं आमंत्रण आहे.

गाणं लिहिणारे आणि गाणारे डोनाल्ड रोझर ऊर्फ बक धर्मा यांनी हा अर्थ वारंवार नाकारला. हृदयाचं दुखणं निघाल्यानं, आपण तरुणपणीच गेलो तर काय, हा विचार तिशीच्या आतल्या या माणसाच्या डोक्यात घोळत होता. त्यातून मरणापलीकडे टिकणाऱ्या प्रेमाचं गाणं सुचलं, असं ते सांगतात. 40 हजार हा जगातल्या रोजच्या मृत्यूंचा त्यांचा निव्वळ अंदाज. प्रत्यक्षात तेव्हाही दिवसाला सव्वा लाखाहून जास्त माणसं मरत होती. म्हणजे आकडा चुकला, पण तो आत्महत्यांचा कधीच नव्हता.

मग श्रोतेच चुकले म्हणायचं का? तसंही नाही. सुरुवातीच्या कडव्यांत प्रियकर प्रेयसीची समजूत घालतो, हात पुढे करतो. शेवटच्या कडव्यात मात्र बोलणारा बदलतो आणि गोष्ट तिच्याबद्दल सांगितली जाऊ लागते. ती खचलेली आहे, मेणबत्त्या विझतात, पडदे उडतात आणि ‘तो’ येतो. हा आधीच गेलेला प्रियकर की खुद्द मृत्यू? गाणं सांगत नाही. भा. रा. तांब्यांची बावरलेली नववधू वाचलेल्या मराठी वाचकाला मरण नवऱ्याच्या रूपात येणं नवं नाही. तिथे निदान बावरणं तरी आहे. इथे ती धावतच त्याच्याकडे जाते. काळजी वाटते ती त्यामुळेच.

आता नुसती चाल ऐका. गिटारवर एक-एक तार छेडत ए मायनर कॉर्डवरून जीवर, जीवरून एफवर उतरायचं, पुन्हा जीवर चढायचं आणि हेच आवर्तन फिरवत राहायचं. त्यावर रोझर यांचा मऊ, जवळजवळ कुजबुजता आवाज. दरडावणं कुठेच नाही. मध्येच गिटारचा सोलो उसळतो आणि सगळं पुन्हा त्याच शांत आवर्तनावर येतं. ही शांतता धीर देते, तशीच भुलवतेही. जॉन कार्पेंटर यांनी 1978 च्या ‘हॅलोवीन’ या भयपटात हे गाणं गाडीच्या रेडिओवर वाजवलं. त्याच वर्षी स्टीफन किंग यांनी ‘द स्टँड’ या महासाथीच्या कादंबरीच्या सुरुवातीला त्यातल्या ओळी घातल्या. दोघांनाही त्यातला गारवा नेमका कळला होता.

म्हणून अशी गाणी कोड्यासारखी सोडवू नयेत. बोलतंय कोण, कुणाशी आणि चाल शब्दांच्या बाजूनं आहे की विरुद्ध, एवढं आधी पाहावं. गीतकाराची साक्ष गाणं का लिहिलं ते सांगते. ऐकणाऱ्यानं काय ऐकावं, हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही. रोझर सांत्वन करायला बसले होते, हे खरंच. पण मृत्यू इतक्या गोड सुरात बोलावू लागला, तर ऐकणाऱ्यानं दचकणं हाही त्या गाण्याचाच अर्थ आहे.