पोहणाऱ्याचा पण आणि परोपकार

सांगलीस कृष्णामाईला पूर आला म्हणजे आयर्विन पुलावरून धडाधड उड्या पडतात. बघ्यांच्या टाळ्याही पडतात. गरजूच्या पदरात मात्र त्यातून छदामही पडत नाही. परोपकारार्थ पोहण्याची तऱ्हा निराळी. पोहणारा आधी पण जाहीर करतो. पण तडीस गेल्यास अमुक रक्कम, किंवा दर मैलास अमुक, असे वचन दाते देतात. इंग्लंडातील विनोदी नट डेव्हिड वॉलियम्स यांनी २००६ मध्ये इंग्लिश खाडी आणि २०११ मध्ये थेम्स नदीतील १४० मैलांचे अंतर पोहून दोन्ही वेळा दहा लाख पौंडांहून अधिक निधी उभा केला. थेम्सच्या घाण पाण्याने ते आजारीही पडले.

हे ऐकून साताऱ्याजवळच्या संगम माहुलीपासून सांगलीपर्यंत कृष्णेतून पोहण्याचे कोणाच्या मनात आल्यास त्याने थांबावे. वाटेत कऱ्हाडजवळ खोडशीचा बंधारा आहे; पुढे भिलवडी-औदुंबरच्या बाजूस मगरींचा वावर आहे. अशा पणास पैसा देणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर पैज लावणेच होय.

शिवाय अचाटपणास भयंकर पाणीच हवे, असे थोडेच आहे? सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळविले, तेही साध्या तरणतलावात. तलावात फेऱ्या मोजावयास साक्षीदार बसविता येतो, दर फेरीस रुपया मागता येतो. फेऱ्या किती झाल्या आणि रुपये कोठे गेले, याचा लेखी हिशेब मात्र दात्यांस द्यावा लागतो.