जात्यापाशी विचारलेले प्रश्न

‘सासरी सुखी आहेस ना?’ असं परक्या माणसानं विचारलं, तर पारोळ्याच्या काय किंवा खान्देशातल्या कुठल्याही गावच्या सासुरवाशिणीकडून एकच उत्तर येतं : सगळं बरं आहे. तीच बाई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, झोक्यावर बसते, मैत्रिणी गाणं धरतात आणि मग सासू, नणंद, न आलेला भाऊ सगळ्यांचा हिशेब मांडला जातो. गाणं सगळ्यांचं असल्यामुळे त्यातलं दुखणं कुणा एकीच्या अंगावर शेकत नाही. लोकांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारून सामुदायिक कलाकृती उभी करायची असेल, तर आधी हे ओळखावं लागतं.

आधुनिक कलेत असे प्रयोग पुष्कळ झाले. 1960च्या उन्हाळ्यात चित्रपटकार झाँ रूश आणि समाजशास्त्रज्ञ एडगार मोरँ यांनी पॅरिसच्या रस्त्यावर लोकांना ‘तुम्ही सुखी आहात का?’ असं विचारून चित्रपट केला. त्यातला सर्वात मोलाचा भाग शेवटी येतो. ज्यांचं चित्रण झालं त्यांनाच ते दाखवलं जातं आणि त्यांची मतंही चित्रपटात येतात. सोफी काल या फ्रेंच कलावतीनं प्रियकराचा निरोपाचा ई-मेल 107 स्त्रियांकडे देऊन प्रत्येकीला आपापल्या पेशाच्या नजरेनं त्याचा अर्थ लावायला सांगितलं. 2007मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत ते काम मांडलं गेलं. दोन्हीकडे प्रश्न मात्र कलावंताचा होता. महाराष्ट्रात याच्या उलट घडलं : बायकांच्या गाण्यांत उत्तरं शतकानुशतकं तयार होती, विचारणारे उशिरा आले.

खान्देशात ही उत्तरं लिहून घेण्याची परंपरा आहे. पारोळ्याशेजारच्या अमळनेरला 1924 ते 1930 या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या एकत्र केल्या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर 1952मध्ये पुस्तकरूपानं आली. बहिणाबाईंचं नाव राहिलं. ‘स्त्रीजीवन’मध्ये मात्र ओव्या विषयवार लावल्या आहेत, कुठली ओवी कोणत्या बाईनं गायली, हे त्यात कळत नाही. साने गुरुजींचं प्रेम खरं होतं, पण ही उणीव लहान नाही.

ती भरून काढली हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या जोडीनं. पॉइतवँ मूळचे फ्रेंच. 1970च्या दशकात पुण्यात आले, इथलेच झाले. पुण्याच्या पश्चिमेला मुळशीच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेबरोबर दोघं काम करत. हक्कांविषयी बोलताना गप्प बसणाऱ्या बायका जात्यावर मोकळ्या होतात, हे तिथं दिसलं आणि 1980च्या दशकात ओव्या जमवायला सुरुवात झाली. गोळा करणारे कार्यकर्ते बहुतेक त्याच खेड्यांतले. ओवी लिहून घेतली की काम संपत नसे; बायका एकत्र बसून ती आपल्या जगण्याबद्दल काय सांगते, यावर बोलत. खासगी प्रश्न इथं विचारला जाई, तोही ओवीच्या आडोशानं.

हा आडोसा जात्याच्या रचनेतच आहे. दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचा हात. एक वैरण घालते. एकीनं पहिली ओळ म्हणायची, दुसरीनं ती उचलायची, घरघर चालूच. पहाटेची वेळ, पुरुष झोपलेले. दोन ओळींच्या ओवीत आधीच्या पिढीचे शब्द तसेच राहतात आणि गाणारी त्यात आपल्या भावाचं, लेकीचं, गावाचं नाव बसवते. टाकलेली बाई स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही. ती सीतेचा वनवास गाते आणि ऐकणारीला सगळं समजतं.

1990च्या दशकात संगीताचे अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ बर्नार बेल या कामात आले. ध्वनिमुद्रण झालं, ओव्यांचं संगणकीय कोठार उभं राहिलं. ओवीचा विषय, गाणारीचं नाव, तिचं गाव अशी नोंद होऊ लागली. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या 1996मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. जात्यावरचं गाणं म्हणजे फक्त सासर-माहेरचं रडगाणं, हा समज त्या ओव्यांनी कायमचा मोडला. एकूण संग्रह लाखावर ओव्यांचा, हजाराहून अधिक खेड्यांतला. पॉइतवँ 2004मध्ये गेले, राईरकर 2010मध्ये. 2017पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या ओव्या आवाज, शब्द आणि भाषांतरासह प्रसिद्ध करत आहे. त्यासाठी गाणाऱ्या बायकांच्या गावी पुन्हा जाऊन त्यांच्याशी बोलणंही झालं.

या कामाचं मोठेपण आकड्यात नाही. विचारणाऱ्यानं आपला साचा आणला नाही, बाईचाच साचा वापरला. तिचं नाव गाण्याला जोडलं. आणि अर्थ लावण्याचा हक्क तिच्याकडे ठेवला. या तीन गोष्टी नसतील, तर लोकांचं खासगी आयुष्य विचारणं म्हणजे नुसती चौकशी.

विजेची गिरणी आल्यावर जातं लग्नाच्या हळदीपुरतं उरलं. पण जात्यावर गायलेल्या आज्या पारोळा, अमळनेर, एरंडोलच्या घरांत अजून आहेत. आखाजीची, कानबाईच्या उत्सवाची गाणीही त्यांना येतात. फोनवर ध्वनिमुद्रण करता येणाऱ्या प्रत्येक नातवानं, नातीनं हे काम हाती घ्यावं. आधी गाणं मागावं, आयुष्य नंतर विचारावं. खान्देशची बोली अहिराणी जशी कानावर पडेल तशीच लिहावी, पुस्तकी करू नये. लिहिलेलं आजीला वाचून दाखवावं, ती नको म्हणेल ते गाळावं आणि उरलेल्याखाली तिचं पूर्ण नाव घालावं.