आयुक्त गेले, शिस्त राहिली

स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल १७ जुलै २०२५ ला दिल्लीत जाहीर झाला आणि इंदूर, सुरत, नवी मुंबई ही नावं पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आली. सतत वरच्या क्रमांकावर राहणाऱ्या या शहरांसाठी त्या वर्षी ‘सुपर स्वच्छ लीग’ असा वेगळा गट केला होता. गुण किती, तारांकनं किती, कोण घसरलं हे सारं छापून आलं आहे. त्याची उजळणी इथे नको. असे निकाल लागले की आपल्या महापालिकांची पथकं अभ्यास दौऱ्यावर इंदूरला जातात, घंटागाड्या आणि नियंत्रण कक्ष पाहून येतात. माझी सूचना अशी, की एखाद्या पथकानं सुरतेला जावं आणि गाड्या मोजण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा : अधिकाऱ्यानं सही करायचे अधिकार खाली कसे गेले आणि तीस वर्षं तिथेच कसे राहिले? सरकारी संस्था आतून बदलण्याचा इतका पक्का धडा आपल्या शेजारी दुसरा नाही.

ज्यांना १९९४ आठवतं, त्यांना ती दहशत वेगळी सांगायला नको. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले, तेव्हा किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. पाठोपाठ सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगनं माणसं दगावू लागली. पावसाचं आणि तापीच्या पुराचं पाणी नुकतंच ओसरलं होतं, वेड रोड परिसरातल्या वस्त्यांत चिखल आणि कुजका कचरा साचला होता. पाहता पाहता लाखो लोकांनी शहर सोडलं. यंत्रमागावर राबणारे आपले खानदेशी कामगारही मिळेल त्या गाडीनं गावाकडे निघाले. टेट्रासायक्लिन हे औषध मिळेना, अनेक खासगी डॉक्टरही दवाखान्यांना कुलूप लावून गेले. बळी पन्नासच्या आसपास. पण आखाती देशांनी भारताची विमानं थांबवावीत इतकी भीती पसरली.

हे शहर गरीब नव्हतं. हिऱ्याला पैलू पाडणारं, कृत्रिम धाग्याचं कापड देशभर पाठवणारं सुरत जकातीवर भरपूर कमवत होतं. महापालिकेकडे पैसा होता, सफाई कामगार होते, अभियंते होते, आरोग्य खातंही होतं. सुरतेच्या सेंटर फॉर सोशल स्टडीज या संस्थेतले समाजशास्त्रज्ञ घनश्याम शाह यांनी या साथीवर १९९७ मध्ये पुस्तकच लिहिलं आहे. त्यातलं सुरत वाचताना आपल्याकडचं कुठलंही वाढतं शहर डोळ्यांपुढे येतं : कारखाने वाढतात, वस्त्या वाढतात आणि सार्वजनिक आरोग्य कुणाच्याच यादीत वर नसतं.

संकटानं माणूस शहाणा होतो, हा समज इथे तपासून पाहण्यासारखा आहे. व्यवस्थापनशास्त्रात संस्थात्मक बदलाचं नाव काढलं की हार्वर्डचे जॉन कॉटर आठवतात. बदलाचे प्रयत्न का फसतात यावरचा त्यांचा गाजलेला लेख १९९५ च्या वसंतात आला, पुढच्या वर्षी ‘लीडिंग चेंज’ हे पुस्तक आलं. त्यांच्या आठ पायऱ्यांतली पहिली आहे निकड. लोकांना धोका जाणवल्याशिवाय ते हलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आपल्या कार्यशाळांतून ही पहिली पायरी इतकी घोटली जाते, की बाकीच्या सात मागे पडतात. सुरतेकडे पाहा. प्लेगपेक्षा मोठी निकड कुठली असणार? तरी साथ ओसरल्यावर घाईघाईची साफसफाई झाली आणि शहर जुन्या वळणावर जाऊ लागलं. महापालिकेचा कारभार बदलायला लागला तो पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. भीतीनं माणसं धावतात. कामाची पद्धत मात्र कुणी बसून बदलावी लागते.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव सुरतेचे आयुक्त झाले. त्यांच्या धडाक्याच्या कथा पुष्कळ आहेत, पण मला त्यांचा एक कमी बोलला जाणारा निर्णय सगळ्यांत मोठा वाटतो. त्यांनी शहराचे सहा झोन केले, प्रत्येक झोनवर एक प्रमुख नेमला आणि आपले आर्थिक व प्रशासकीय अधिकार त्यांच्याकडे सोपवले. गटार फुटलं, रस्ता खचला, कंत्राटदाराला बिल द्यायचं आहे, तर फाइल मुख्यालयात पाठवून आठवडाभर वाट पाहण्याची गरज उरली नाही. आणि इथे आपल्या वाचकांनी कान टवकारावेत. सुरत महापालिका तेव्हा ज्या कायद्यावर चालत होती, तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे याच कायद्याच्या वारशावर चालतात. आयुक्तानं आपले अधिकार खालच्या अधिकाऱ्यांना देण्याची सोय त्यातल्या कलम ६९ मध्ये पहिल्यापासून आहे. रावांनी विधानसभेकडून नवं काही मागितलं नाही. जे कलम साऱ्यांच्या कपाटात होतं, ते त्यांनी वापरलं.

अधिकार दिले, त्याबरोबर खुर्चीही सोडायला लावली. ‘एसी टू डीसी’ ही त्यांची घोषणा तेव्हा सुरतेत सर्वतोमुखी झाली होती : वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे. अधिकाऱ्यांनी सकाळी रस्त्यावर असायचं आणि दुपारी आयुक्तांबरोबर बैठकीला बसायचं. ही दुपारची बैठक हा साऱ्या बदलाचा कणा होता, असं माझं मत आहे. सरकारी कार्यालयात एरवी काय होतं? पाणीपुरवठ्याची फाइल बांधकामाकडे ‘अभिप्रायार्थ सादर’ होते, तिथून लेखा विभागात जाते, शंका लागून परत येते आणि तोवर रस्ता दोनदा खणून झालेला असतो. सुरतेत ज्यांचा अभिप्राय हवा ते सगळे रोज एका टेबलाभोवती होते. सकाळी पाहिलेला खड्डा दुपारी मांडायचा, तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा आणि काल ठरलेलं झालं की नाही हे आज सांगायचं. ‘माझ्याकडे फाइल आली नाही’ या वाक्याला जागाच उरली नाही.

तक्रारींचंही तसंच. रंगांची कार्डं होती. लाल कार्ड तातडीच्या कामाचं, पांढरं थोडा वेळ लागणाऱ्या कामाचं, आणि दोन्हींना मुदत ठरलेली. मोठ्या रस्त्यांची झाडलोट रात्री सुरू झाली, म्हणजे सकाळी बाजार उघडेपर्यंत धूळसुद्धा खरवडून काढलेली असे. घाण करणाऱ्याला दंड बसू लागला, अस्वच्छ खाणावळींना टाळं लागलं. खासगी दवाखान्यांतूनही रोगांची माहिती रोज गोळा होऊ लागली. कुठल्या भागात मलेरिया वाढतोय हे वर्षाच्या अहवालात छापून येण्याची वाट पाहावी लागेना, ते त्याच आठवड्यात कळू लागलं. बेकायदा बांधकामं पाडताना सुरुवात बड्या लोकांपासून झाली. ही गोष्ट किरकोळ नाही. पहिला हातोडा टपरीवर पडला असता, तर उरलेल्या शहरानं ओळखलं असतं की हेही नेहमीचंच आहे.

१९९६ मध्ये इंटॅक या संस्थेनं सुरतला चंदीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. प्लेगला दोन वर्षं झाली होती, आणि कामावर माणसं बहुतेक तीच होती. तोच मुकादम, तोच झाडूवाला, तोच कनिष्ठ अभियंता. ‘आपल्याकडची माणसंच तशी’ असं म्हणून हात झटकणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवायला हवं.

या बदलाची किंमतही होती, आणि ती सगळ्यांनी सारखी भरली नाही. रस्ता रुंदीकरणात झोपड्याही गेल्या. पहाटे आणि रात्री वाढलेल्या कामाचा भार सफाई कामगारांच्या, त्यातही बायकांच्या पाठीवर पडला. शहराच्या गौरवात त्यांचं नाव क्वचित येतं. संस्थेतल्या बदलाचं कौतुक करताना कष्ट कुणी उपसले हे सांगणं ही किमान सभ्यता आहे.

आता खरा मुद्दा. राव गेले. बदली झाली, जशी सगळ्यांची होते. पुढे एस. जगदीशन आयुक्त झाले. त्यांनी आधीच्याची पाटी पुसून आपली नवी योजना आणली नाही. झोन राहिले, रात्रीची सफाई राहिली, रोगांची नोंद राहिली. मग ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं सुरतचा बहुतेक भाग बुडाला. तो पूर १९९४ पेक्षा कितीतरी मोठा होता. लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळले, पण गाळ वेगानं उपसला गेला, फवारणी झाली आणि शहर ओस पडलं नाही. बदल मुरला आहे की नुसता वरून फासला आहे, हे अशाच वेळी कळतं. पुढे २०१४ मध्ये याच महापालिकेनं बमरोलीला सांडपाणी शुद्ध करून पांडेसराच्या कारखान्यांना विकायला सुरुवात केली. कॉटरची आठवी पायरी, म्हणजे बदल संस्थेच्या अंगवळणी पाडणं, कार्यशाळेत शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जाते. सुरत उभं आहे ते या आठव्या पायरीवर.

आपल्याकडे असं काही घडलंच नाही, असं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अनिलकुमार लखिना यांनी कामकाजाची घडी अशी बसवली, की ‘लखिना पॅटर्न’ हा शब्दच रूढ झाला. सरकारी कार्यालयात काम केलेल्या कुणालाही सहा गठ्ठे माहीत असतात. टेबलावरचा कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे : चालू प्रकरणं, उत्तराच्या प्रतीक्षेतली प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. सातवा गठ्ठा नाही. पद्धत साधी, कुणालाही तासाभरात शिकता येईल अशी. पण २०१७ च्या सुमारास पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांना ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम काढून तेच सहा गठ्ठे पुन्हा लावून घ्यावे लागले. तीस-पस्तीस वर्षांनी, त्याच राज्यात, त्याच महसूल खात्यात. म्हणजे मधल्या काळात गठ्ठे कुणी तरी मोडले होते, आणि त्याचा जाब कुणालाही विचारला गेला नव्हता.

आपण माणसांवर फार लवकर भाळतो. पालिका आयुक्त टी. चंद्रशेखर यांनी ठाण्यात आणि नागपुरात रस्ते मोकळे केले, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. सनदी अधिकारी तुकाराम मुंढे यांची बदली झाली की समाजमाध्यमं पेटून उठतात. या अधिकाऱ्यांच्या सचोटीबद्दल मला आदर आहे. पण बदलीनंतर त्या कार्यालयात नेमकं काय टिकलं, याचा हिशेब आपण मागत नाही. बदली म्हणजे अन्याय की सूड यावरच चर्चा संपते. २००५ च्या बदली कायद्यानं सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवून दिला आहे. तो पाळला जात नसेल, तर सुरतसारखं काही घडण्याची अपेक्षाच व्यर्थ आहे, कारण नवी सवय रुजायला वेळ लागतो.

राज्य सरकारनं २०२५ मध्ये १०० दिवसांचा कार्यक्रम घेतला, १ मे रोजी त्याचे निकाल लावले, आणि मग २ ऑक्टोबरपर्यंतचा १५० दिवसांचा कार्यक्रम घेतला. संकेतस्थळं सुधारली, अभिलेख कक्ष आवरले, अभ्यागतांना बसायला जागा झाली, हे चांगलंच आहे. पण मुदतीपुरतं केलेलं काम मुदतीनंतर सैल पडतं. गुणांकन करायचंच असेल तर आणखी तीन वर्षांनी करा, अधिकारी बदलून गेल्यावर.

आणि महापालिका? मुंबई, पुण्यासह बहुतेक महापालिकांत २०२२ पासून काही वर्षं प्रशासक होते. सगळे अधिकार एका सहीत एकवटले होते, नेमकं सुरतच्या उलट. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधल्या आदेशामुळे निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. उमेदवार पुन्हा दारात येतील तेव्हा रस्ता, पाणी, कचरा हे तर विचाराच, पण तीन प्रश्न जास्तीचे विचारा. आमच्या क्षेत्रीय अधिकाऱ्याला स्वतःच्या सहीनं किती रकमेचं काम मंजूर करता येतं? तक्रार सुटली असं कोण ठरवतं, कर्मचारी की तक्रारदार? आणि आयुक्ताला तीन वर्षं राहू देणार का? या तिन्हींवर ज्याच्याकडे ठाम उत्तर असेल, त्याच्या पक्षाचं चिन्ह नंतर पाहिलं तरी चालेल.