महाविद्यालयीन ग्रंथपालांचे सेवांतर्गत प्रशिक्षण आणि मराठी तालिका

प्रस्तावना :
सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतून पाचारण केलेल्या विल्यम बोर्डेन यांनी १९११ मध्ये बडोदे येथे ग्रंथालय-प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. पुढच्याच वर्षी तेथून निघालेल्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. आज शंभराहून अधिक वर्षांनी प्रशिक्षणाच्या संधी कितीतरी वाढल्या आहेत. मात्र त्यांतील मराठीचे स्थान विचार करण्याजोगे आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप :
१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजांतून उद्बोधन व उजळणी वर्ग सुरू झाले. २०२३ पासून हे काम मालवीय मिशनखाली चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ग्रंथपालाच्या पहिल्या पदोन्नतीसाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि स्वयंचलन, अंकीकरण इत्यादी विषयांवरील किमान ५ दिवसांचे प्रशिक्षण अपेक्षिले आहे. अट पदोन्नतीशी निगडित असल्याने प्रमाणपत्र हेच साध्य होऊन बसते, हा या व्यवस्थेचा उघड दोष होय. परंतु त्याहून गंभीर प्रश्न त्या ५ दिवसांत काय शिकविले जाते, हा आहे.

मराठी ग्रंथांच्या नोंदी :
सोल किंवा कोहा यांसारखी संगणक प्रणाली शिकविताना सरावासाठी इंग्रजी ग्रंथांच्या नोंदी घेणे सोयीचे असते. ग्रंथपाल आपल्या महाविद्यालयात परततो तेव्हा त्याच्यासमोर दाखल नोंदवहीतील हजारो मराठी ग्रंथ असतात. येथे अडचणी निराळ्या आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर 'भाषेचें' असे छापलेले असेल, तर 'भाषेचे' असा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यास तो ग्रंथ सापडेलच असे नाही. मार्क २१ मध्ये यावर उपाय आहे : २४५ क्रमांकाच्या क्षेत्रात मूळ शीर्षक जसेच्या तसे ठेवावे व २४६ मध्ये आजच्या लेखनाप्रमाणे पर्यायी शीर्षक द्यावे. उपाय सोपा आहे, पण तो कोणी तरी दाखवावा लागतो.

'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकित होतो : एक 'ऱ' या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडून, दुसरी 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. प्रणालीने त्यांची सांगड घातलेली नसेल तर संगणकास मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या नोंदींची अवस्था याहून बिकट. रूपांतर केल्याखेरीज नव्या प्रणालीत त्या निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. ग्रंथ कपाटात असूनही वाचकाच्या दृष्टीने तो नाहीसा होतो.

अपेक्षित बदल :
प्रशिक्षणार्थींनी येताना आपल्याच ग्रंथालयातील ५० मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठांची व दाखल नोंदींची छायाप्रत आणावी आणि सराव त्यांवरच व्हावा. एकच प्रशिक्षित व्यक्ती असलेल्या ग्रंथालयात २१ दिवसांची रजा म्हणजे शिपायाच्या भरवशावरील देवघेव. अशांसाठी हा भाग सुट्टीच्या काळात किंवा दूरस्थ पद्धतीने घेणे शक्य आहे. तीन महिन्यांनी त्या ५० नोंदी पुन्हा तपासल्या जाव्यात, आणि प्रमाणपत्र त्यानंतर द्यावे.