राखीव बाकावरचं पक्कं मडकं

“धरू नको, येऊ दे त्याला!” तेरच्या मैदानावर ही हाक नेहमी रेषेबाहेरून यायची. देणारे तात्या आमच्या संघातले बारावे गडी. चाळिशी गाठलेली, गुडघ्याला पट्टी, खांद्यावर पंचा. आम्हा पोरांना वाटायचं, तात्यांना वयामुळे घेत नाहीत आणि मान म्हणून बसवतात. सामना अडकला की तात्या आत जायचे, डावा कोपरा धरायचे आणि दहा मिनिटांत एखादीच पकड करून बाहेर यायचे. ती एक पकड मोजायला सोपी होती. त्या दहा मिनिटांत आमच्या पोरांनी किती चुका केल्या नाहीत, हे मात्र कुणी मोजत नव्हतं.

2014 च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली आणि हा खेळ मातीतून मॅटवर, मैदानातून टीव्हीवर गेला. पकडींचे गुण आकड्यांत दिसू लागले, माणसाला लिलावात भाव आला. मागे वळून पाहताना मला मात्र या सगळ्या हंगामांत तात्याच दिसत राहतात.

पहिले तीन हंगाम ओळीने अंतिम फेरी गाठणारी यू मुंबा आठवा. 2015 चं विजेतेपद तिचंच. अनुप कुमारच्या चढाया लोकांच्या लक्षात राहिल्या, पण मागे सुरेंदर नाडा, मोहित छिल्लर, जीवा कुमार आणि आपला विशाल माने यांची भिंत होती. त्याच संघात इराणहून आलेला एक तरुण होता, फझल अत्राचली. डावा कोपरा ही त्याचीही जागा, पण तिथे बहुधा नाडा उभा असायचा. फझलने बराच काळ बाकावरून पाहिलं. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

2016 मध्ये पाटणा पायरेट्सने चौथा हंगाम जिंकला, तेव्हा कर्णधार धर्मराज चेरलाथन एक्केचाळीस वर्षांचा होता. 2019 मध्येही तो हरियाणाकडून खेळत होता. चढाईपटू या वयात प्रशिक्षक झालेला असतो. चढाई पायांवर चालते, पाय लवकर म्हातारे होतात. पकड निम्मी अंगात आणि निम्मी डोक्यात असते. तीस सेकंदांत समोरचा काय करणार, बोनससाठी पाय टाकणार की मागे वळणार, हे ओळखायला हजारो चढाया पाहिलेल्या असाव्या लागतात.

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्येही बचावाच्या पहिल्या फळीतले धिप्पाड गडी आलटून पालटून खेळवतात, कारण एवढा भार साठ मिनिटं कुणालाच पेलत नाही. तिथेही म्हातारा राखीव गडी संघात ठेवायचा की नाही, यावर दरवर्षी वाद होतो. आपल्याकडचा हिशेब जरा वेगळा आहे. मैदानात सात, बाहेर पाच. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर तिचे दोन गुण. नेमक्या त्याच वेळी तरुण बचावपटू उतावीळ होतो आणि आगाऊ झेप घेऊन संघावर लोण ओढवून घेतो. इथे अनुभवी माणसाचं काम म्हणजे शेजाऱ्याचा हात घट्ट धरून त्याला जागेवर ठेवणं. या कामाला गुणतक्त्यात रकाना नाही.

आठवा हंगाम बेंगळुरूत प्रेक्षकांविना झाला. दबंग दिल्लीच्या बचावात जोगिंदर नरवाल, मनजीत छिल्लर, जीवा कुमार, संदीप नरवाल अशी मुरलेली मंडळी होती. ‘म्हाताऱ्यांचा संघ’ म्हणून लोक हसले. मधेच मुख्य चढाईपटू नवीन कुमार दुखापतीने बाहेर बसला, तरी संघ कोसळला नाही. 25 फेब्रुवारी 2022 ला दिल्लीने पाटण्याला 37-36 असं हरवलं. खरं सांगायचं तर त्या 37 पैकी 27 गुण विजय मलिक आणि नवीन या दोन चढाईपटूंचे होते. म्हाताऱ्यांची बाजू घेताना हा आकडा लपवण्यात अर्थ नाही. पण तिथवर संघ आलाच कसा, हेही त्या आकड्यात नाही.

आमच्या गावची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कुंभार संत गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. नामदेव कुरकुरले, तेव्हा हे मडकं कच्चं, असं काका म्हणाले. कुंभार आवाजावरून पारखतो. लिलावात मात्र वय बघतात. 2018 मध्ये एक कोटीचा टप्पा गाठणारा फझल 2023 ला 1 कोटी 60 लाखांना गेला आणि पुढच्याच वर्षी 50 लाखांवर आला.

2025 ला दिल्लीने त्याला घेतलं. प्रशिक्षक जोगिंदर नरवाल, म्हणजे त्याच ‘म्हाताऱ्यांच्या संघा’चा कर्णधार. 31 ऑक्टोबरला अंतिम सामन्यात पुणेरी पलटणविरुद्ध दिल्ली 31-28 ने जिंकली आणि शेवटच्या क्षणांत फझलची पकड मोलाची ठरली.

तात्या आता सत्तरीला आलेत. तो सामना त्यांनी आमच्याच ओसरीवर पाहिला. पकडीला सगळे उठले, ते बसूनच राहिले.

“पुढच्या वर्षी याला कोण घेतंय बघ,” एवढंच म्हणाले आणि चहा मागितला.