पडद्यावरची कोठडी

ऑगस्ट २०२४ चे अखेरचे दिवस. लुधियानातील वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्या भ्रमणध्वनीवर एक कॉल आला. काही वेळात तुमचा फोन बंद होणार आहे, कारण जाणून घ्यायचे असल्यास नऊचा आकडा दाबा, असे पलीकडून सांगण्यात आले. वस्त्रोद्योगात आयुष्य घालवलेले, २०१० मध्ये पद्मभूषण किताबाने सन्मानित झालेले, वयाची ८२ वर्षे पूर्ण केलेले हे उद्योगपती. त्यांनी नऊचा आकडा दाबला आणि पुढचे दोन दिवस ते आपल्याच घरात कैदी झाले.

पलीकडचा माणूस केंद्रीय अन्वेषण विभागाचा अधिकारी म्हणून बोलत होता. ओसवाल यांच्या नावाने मुंबईत एक बँक खाते उघडले गेले आहे आणि जेट एअरवेजचे संस्थापक नरेश गोयल यांच्यावरील आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणाशी त्या खात्याचा संबंध आहे, असे त्याने सांगितले. असे कोणतेही खाते आपले नाही, हे ओसवाल यांनी स्पष्ट केले. परंतु या विमान कंपनीने आपण प्रवास केला होता, तेव्हा दिलेल्या ओळखपत्राचा कोणी गैरवापर केला असेल, अशी शंका त्यांच्या मनात आलीच. भामट्यांना एवढी फट पुरेशी होती. निरपराध माणसाला स्वतःच्या निरपराधित्वाबद्दल क्षणभर साशंक करणे, ही या फसवणुकीची पहिली पायरी असते.

त्यानंतर स्काइपचा कॅमेरा सुरू झाला, तो बंद करण्याची मुभा नव्हती. पाळायच्या नियमांची लांबलचक यादी त्यांना पाठवण्यात आली. खोलीबाहेर जाण्यासाठी परवानगी मागायची, कोठेही गेले तरी फोन सोबत न्यायचा, झोपतानाही कॅमेरा आपल्याकडे रोखलेला ठेवायचा आणि या प्रकरणाचा उच्चार कोणापाशीही करायचा नाही. मग ‘सर्वोच्च न्यायालया’तील सुनावणी झाली. पडद्यावर न्यायालयाचे दालन दिसत होते. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे नाव घेऊन कोणी बोलत होते. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता; आवाज मात्र ऐकू येत होता, आणि मेजावर आपटलेल्या हातोड्याचाही. सुनावणीनंतर शिक्के आणि सह्या असलेला आदेश व्हॉट्सॲपवर आला. त्याबरहुकूम सात कोटी रुपये सांगितलेल्या खात्यांत जमा झाले.

त्या हातोड्याच्या आवाजापाशी थोडे थांबायला हवे. भारतीय न्यायालयात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. तो आपल्याकडे चित्रपटांनी आणला, आणि इतकी वर्षे पाहून पाहून तोच खऱ्या न्यायालयाची खूण वाटू लागला. भामट्यांनी खऱ्या न्यायालयाची नक्कल केलीच नाही. माणसांच्या मनात न्यायालयाचे जे चित्र आहे, त्याची नक्कल त्यांनी केली. ज्याचा कोर्टकचेरीशी कधी संबंध आला नाही, अशा सरळमार्गी माणसापुढे ते चित्र अधिकच खरे ठरते. कायद्याला भिऊन वागणाऱ्या, कर वेळेवर भरणाऱ्या आणि समाजात नाव जपणाऱ्या घरांना या जाळ्यात ओढणे सोपे जाते, त्याचे कारण यातच आहे. ज्याला अब्रूची चाड आहे, त्यालाच अब्रूची धमकी देता येते.

‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक ही प्रत्यक्ष होते. पोलीस अधिकारी समोर उभा असावा लागतो, आणि ती व्यक्ती शब्दाने वा कृतीने स्वाधीन झाली नाही, तर तिच्या शरीराला स्पर्श करून अथवा तिला प्रत्यक्ष अडवून ठेवून अटक केली जाते. समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकते. बेडी येऊ शकत नाही. चौकशीसाठी म्हणून पैसे एखाद्या ‘सुरक्षित’ खात्यात ठेवून घेण्याचा अधिकार पोलिसांना नाही, सक्तवसुली संचालनालयाला नाही आणि न्यायालयाचीही तशी रीत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी हाच विषय घेऊन थांबा, विचार करा आणि मग कृती करा, असे आवाहन केले होते. तरीही फसवणुकीचा ओघ आटला नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार डिजिटल अटक आणि तत्सम गुन्ह्यांच्या तक्रारी २०२२ मध्ये ३९,९२५ होत्या आणि त्यांत ९१.१४ कोटी रुपये गेले होते. २०२४ मध्ये तक्रारी १,२३,६७२ वर गेल्या आणि गमावलेली रक्कम १,९३५.५१ कोटींवर पोहोचली. तक्रारी तिप्पट, रक्कम एकवीसपट. भामटे आता थोडक्यावर समाधान मानत नाहीत, शिकार पारखून निवडतात, असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

ही पारख होते ती माहितीच्या आधारे. फोन करणाऱ्याला नाव, पत्ता, आधार क्रमांकाचे आकडे, क्वचित बँकेच्या शाखेचे नावही ठाऊक असते. समोरच्याचा विश्वास बसतो तो तेथेच. सरकारी अधिकाऱ्याखेरीज हे कोणाला कळणार, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिसिक्युरिटी या अमेरिकी संस्थेने सुमारे ८१.५ कोटी भारतीयांचे नाव, फोन, पत्ता, आधार आणि पारपत्राचे तपशील आंतरजालाच्या काळ्या बाजारात विक्रीला आल्याचे उघड केले. विक्रेत्याने सगळ्यासाठी ८०,००० डॉलर मागितले होते. म्हणजे एका माणसाच्या ओळखीची किंमत एक पैसादेखील होत नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची कागदपत्रे टेलिग्रामवर मागेल त्याला मिळू लागल्याचे उघडकीस आले. ३.१ कोटी ग्राहकांची माहिती आपल्याकडे आहे, असा दावा ती पुरवणाऱ्याने केला होता. त्या कागदांत वैद्यकीय तपासण्यांचे अहवालही होते. गमावलेला पैसा पुन्हा कमावता येतो, बँकेचे कार्ड रद्द करून नवे घेता येते. जन्मतारीख, रक्तातील साखर आणि आईचे नाव बदलून घेता येत नाही.

मात्र सगळा दोष चोरट्यांवर टाकून चालणार नाही, कारण पुष्कळशी माहिती घराघरांतून आपण होऊन बाहेर जाते. आधारकार्डाची छायाप्रत यात्रेतील धर्मशाळेत दिली जाते, लॉजवर दिली जाते, सिमकार्डाच्या दुकानात दिली जाते. ती पुढे कोठे पडते, हे कोणी विचारत नाही. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ विनामूल्य मिळते. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात आणि ओळख दाखवण्याच्या बहुतेक कामांना ते पुरते. धर्मशाळांच्या व्यवस्थापकांनी तेच मागण्याची प्रथा पाडली, तर यात्रेकरूंची मोठीच सोय होईल.

समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकांचाही येथे विचार व्हायला हवा. पूर्वी ही पुस्तिका छापील असे. मेळाव्याला आलेली कुटुंबे ती घरी नेत, आणि स्थळ जमले की ती माळ्यावर जाई. आता तिची पीडीएफ प्रत संध्याकाळपर्यंत शंभर गटांत पोहोचते आणि दहा वर्षांनीही तशीच ताजी राहते. तिच्यात काय असते? मुलीचे छायाचित्र, जन्मतारीख, जन्मवेळ, नोकरीचे ठिकाण, वडिलांचे दुकान वा शेती, वार्षिक उत्पन्न, राहत्या घराचा पत्ता, फोन, आणि मामांचे आडनाव. मामांचे आडनाव म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. बँका ग्राहकाची ओळख पटवताना वर्षानुवर्षे हाच प्रश्न विचारत आल्या आहेत. महोत्सवातील सवालांच्या आणि देणग्यांच्या रकमा नावांसह गटांवर फिरतात, तेव्हा कोणत्या घरात किती ऐपत आहे, याचीही यादी आयती तयार होते. दातृत्वाचा गौरव व्हायलाच हवा. तो मंदिराच्या फलकावर झाला तर पाहणारे आपलेच असतात. व्हॉट्सॲपवर पाहणारे कोण असतात, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. परिचय पुस्तिकेतून उत्पन्न आणि पत्ता गाळून, ते तपशील मंडळाच्या कार्यालयाकडे ठेवून, चौकशी करणाऱ्या कुटुंबाला ओळख पटल्यावर देणे काही अवघड नाही. मेळावा भरवणाऱ्या कार्यकर्त्यांचे काम थोडे वाढेल, इतकेच.

कायदाही याच दिशेने सरकतो आहे, जरी सावकाश. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये संमत झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलेले असते? अनेकदा कंबोडिया, म्यानमार आणि लाओस येथील कुंपणबंद वसाहतींतील तरुण, आणि त्यांतील काही भारतीयच असतात. चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून त्यांना थायलंडला बोलावले जाते, तेथून सीमेपलीकडे नेले जाते, पारपत्र काढून घेतले जाते आणि फसवणुकीचे काम करायला भाग पाडले जाते. नकार दिला तर मारहाण होते. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुसेनेच्या विमानांनी थायलंडमधील मे सोत येथून अशा ५४९ भारतीयांना दोन दिवसांत मायदेशी आणले. ज्याचा आवाज ऐकून घरातील आजोबा थरथरतात, तो कदाचित स्वतःच पहाऱ्यात असतो. गुन्ह्याचे गांभीर्य त्याने कमी होत नाही. पण हा सगळा व्यापार भयावर चालतो आणि दोन्ही टोकांना भयच असते, हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

पैसा मात्र त्या तरुणाकडे जात नाही. तो भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून पळतो. थोड्या कमिशनच्या लोभाने कोणी विद्यार्थी, कोणी लहान दुकानदार आपले खाते दुसऱ्याला वापरायला देतो. एका खात्यातून दहा, दहांतून पन्नास, असे तुकडे होत रक्कम अखेर आभासी चलनात बदलते आणि देशाबाहेर जाते. हे सारे काही तासांत उरकते, म्हणून पहिले तास मोलाचे. ओसवाल यांच्या प्रकरणी लुधियाना पोलिसांनी ३१ ऑगस्टला गुन्हा नोंदवला, खाती गोठवली, गुवाहाटीतून दोघांना अटक केली आणि सातपैकी ५.२५ कोटी रुपये परत मिळवले. १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकाचे काम हेच आहे: तक्रार नोंदताच संबंधित बँकांना सूचना जाते आणि वाटेत सापडेल तितकी रक्कम रोखली जाते. लाज वाटून चार दिवस गप्प बसलेल्या माणसासाठी वाटेत काहीच उरत नाही. ओसवाल यांनी आपली फसवणूक वृत्तपत्रांना आणि दूरचित्रवाणीला स्वतः सांगितली. त्यांच्या स्थानावरील माणसाने ती सहज झाकून ठेवली असती.

२०२५ मध्ये अंबाला येथील एका वृद्ध महिलेचे पत्र सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून तिची आणि तिच्या पतीची एक कोटीहून अधिक रकमेची फसवणूक झाली होती. आपल्याच नावाचा आणि शिक्क्याचा असा वापर पाहून न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर रोजी डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. ज्या विभागाचे नाव सांगून भामटे फोन करतात, तोच आता त्यांच्या मागावर आहे.

तरीही या गुन्ह्याला मध्येच रोखणारा माणूस बहुधा पोलीस नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादेत ६१ वर्षांच्या एका डॉक्टरांना स्टेट बँकेतील मुदतठेवी मोडायच्या होत्या. मालमत्ता घ्यायची आहे, असे त्यांनी सांगितले. कर्मचाऱ्यांना संशय आला.  त्यांची समजूत घालण्यात आली, १९३० वर बोलणे करून देण्यात आले, आणि १३ लाख रुपये वाचले.

मुंबईत मात्र तसे झाले नाही. दक्षिण मुंबईतील ८६ वर्षांच्या एका वृद्धेला सव्वादोन महिने ‘अटकेत’ ठेवून २० कोटींहून अधिक रक्कम काढून घेण्यात आली. आजी दिवसभर दार लावून बसतात, फक्त जेवायला बाहेर येतात, आतून कोणाशी तरी मोठ्याने बोलल्याचा आवाज येतो, हे प्रथम लक्षात आले ते घरकाम करणाऱ्या बाईंच्या. त्यांनी ते मुलीला सांगितले. पोलिसांत तक्रार झाली ती मार्च २०२५ मध्ये. पहिला फोन आला होता २६ डिसेंबरला.